डोअर होल्डर

डोअर होल्डर हे बिजागरीवर फिरणारे किंवा रुळावर सरकणारे दार हव्या त्या स्थितीत उघडे धरून ठेवणारे यांत्रिक साधन आहे. वारा, दाराचा स्वतःचा कल, स्प्रिंग किंवा डोअर क्लोझर यांमुळे दार आपोआप बंद होऊ नये, तसेच ते भिंतीवर किंवा चौकटीवर आपटू नये, यासाठी त्याचा उपयोग होतो. दाराखाली सरकवलेल्या लाकडी पाचरीपासून ते आगीची सूचना मिळताच दार सोडून देणाऱ्या विद्युतचुंबकापर्यंत या साधनाची अनेक रूपे प्रचलित आहेत. महाराष्ट्रात घरगुती वापरात अशा बहुतेक साधनांना सरसकट "डोअर स्टॉपर" म्हटले जाते.

डोअर होल्डरचे काम वरवर पाहता साधे असले तरी सार्वजनिक इमारतींत त्याच्या निवडीचा संबंध थेट जीवसुरक्षेशी येतो. आग व धूर अडवण्यासाठी बसवलेले दार बंद असतानाच उपयोगी पडते. पण रोजच्या वापरात तेच दार उघडे असणे माणसांना सोयीचे असते. त्यामुळे अशा ठिकाणी साधन दार किती घट्ट धरते यापेक्षा ते कोणत्या क्षणी सोडते, याला अधिक महत्त्व दिले जाते.

## संज्ञा आणि व्याप्ती

दारावर बसवल्या जाणाऱ्या तीन प्रकारच्या साधनांची नावे बोलण्यात अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यांची कामे मात्र वेगवेगळी आहेत.

- डोअर स्टॉपर: दार ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू न देणारा अडथळा. तो भिंतीचे, फरशीचे किंवा दाराच्या मुठीचे रक्षण करतो. पण दार परत बंद होण्यापासून रोखत नाही.
- डोअर होल्डर: उघडलेले दार त्याच स्थितीत धरून ठेवणारे साधन. बहुतेक होल्डर स्टॉपरचेही काम करतात.
- डोअर क्लोझर: उघडलेले दार स्प्रिंगच्या जोराने आणि तेलाच्या अवरोधाने सावकाश बंद करणारे साधन. होल्डर आणि क्लोझर यांची कामे परस्परविरोधी असल्यामुळे एकाच दारावर दोन्ही बसवताना त्यांचा मेळ घालावा लागतो.

मराठीतील अडसर, आडणा, कडी-कोयंडा, खिट्टी हे जुने शब्द मुख्यतः दार बंद ठेवण्याच्या साधनांचे आहेत. दार उघडे ठेवण्यासाठी दगड, पाचर, दोरी किंवा भिंतीतील आकडा अशा हाताशी असलेल्या वस्तू वापरल्या जात. त्यांना स्वतंत्र नाव नव्हते. यामुळेच या साधनांच्या बाबतीत इंग्रजीतून आलेले शब्द मराठीत रूढ झाले असावेत.

## इतिहास

### वजने आणि पाचरी

दाराला जड वस्तू टेकवून ते उघडे ठेवणे ही सर्वांत जुनी व सोपी पद्धत आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमध्ये केवळ या कामासाठी घडवलेली ओतीव लोखंडाची आणि पितळेची वजने वापरात आली. प्राणी, पक्षी, सैनिक किंवा प्रसिद्ध व्यक्ती अशा आकारांत ती बनवली जात आणि काहींना वाकावे न लागता उचलता यावे म्हणून उंच दांडा असे. यॉर्कशरसारख्या काच कारखान्यांच्या भागात हिरव्या बाटलीच्या काचेचे, आत बुडबुड्यांची नक्षी असलेले भरीव गोळेही दाराची वजने म्हणून वापरले जात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पेन्सिल्व्हेनियातील हबली मॅन्युफॅक्चरिंग कंपनीसारख्या, खेळणी बनवणाऱ्या ओतकाम कारखान्यांनी रंगीत लोखंडी वजने मोठ्या प्रमाणावर तयार केली. आज त्यांना संग्राहकांकडून मागणी आहे.

पाचरीचा उपयोगही तितकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गंधक मिसळून रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया प्रस्थापित झाली. त्यानंतर लाकडी पाचरीची जागा हळूहळू रबरी पाचरीने घेतली, कारण रबराचे जमिनीशी होणारे घर्षण लाकडापेक्षा बरेच अधिक असते.

### पेटंटे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दारांच्या सामानावर अनेक पेटंटे घेतली गेली. ऑस्बर्न डॉर्सी या आफ्रिकी-अमेरिकी संशोधकाला १० डिसेंबर १८७८ रोजी दार धरून ठेवण्याच्या साधनाचे २,१०,७६४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. अमेरिकी पेटंट कार्यालयातील अधिकारी हेन्री बेकर यांनी कृष्णवर्णीय संशोधकांच्या पेटंटांची जी सूची संकलित केली, तीत या पेटंटाची नोंद आहे.

डॉर्सी यांना अनेक लोकप्रिय याद्यांमध्ये "दाराच्या गोल मुठीचे जनक" म्हटले जाते. हे श्रेय चुकीचे आहे. दाराच्या मुठी त्यापूर्वी कित्येक वर्षे वापरात होत्या. मातीच्या व चिनीमातीच्या मुठींच्या पेटंटावरून झालेला हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ मध्ये, म्हणजे डॉर्सी यांच्या पेटंटाच्या २७ वर्षे आधी निकाली काढला होता. डॉर्सी यांचे पेटंट दार धरून ठेवण्याच्या साधनाचेच होते.

### आपोआप सोडणारी साधने

त्याच काळात अमेरिकेतील गिरण्या आणि गोदामे यांमध्ये आग एका दालनातून दुसऱ्या दालनात जाऊ नये म्हणून पत्र्याने मढवलेली जाड लाकडी सरकती दारे बसवली जाऊ लागली. हे दार उतरत्या रुळावर असे आणि दोरी व वजनाच्या साहाय्याने उघडे धरलेले असे. दोरीच्या मार्गात कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेला दुवा असे. आगीच्या उष्णतेने तो वितळला की दार स्वतःच्या वजनाने रुळावरून घसरत बंद होई. दार धरून ठेवणे आणि वेळ येताच सोडणे ही दोन्ही कामे एकाच साधनात आणण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. विसाव्या शतकात धूरशोधक यंत्रे प्रचारात आल्यावर वितळणाऱ्या दुव्याच्या जोडीला विद्युतचुंबकीय होल्डर आले.

## कार्यतत्त्व

### बिजागरीपासूनचे अंतर

दाराची फळी बिजागरीभोवती फिरते. त्यामुळे ती धरून ठेवण्यासाठी लागणारे बल साधन बिजागरीपासून किती अंतरावर आहे यावर अवलंबून असते. अंतर जितके जास्त तितके बल कमी लागते.

उदाहरणार्थ, ०.९ मीटर रुंद व २.१ मीटर उंच दाराचे क्षेत्रफळ १.८९ चौरस मीटर असते. ताशी ३६ किलोमीटर (सेकंदाला १० मीटर) वेगाचा वारा त्यावर थेट आला तर हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन आणि फळीवरील एकूण बल सुमारे ११३ न्यूटन, म्हणजे साडेअकरा किलोग्रॅम वजनाइतके होते. हे बल फळीच्या मध्यावर, बिजागरीपासून ०.४५ मीटरवर लागते असे धरल्यास फिरवणारा जोर (बलाघूर्ण) सुमारे ५१ न्यूटन-मीटर येतो. तो पेलण्यासाठी बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर बसवलेल्या होल्डरला सुमारे ६४ न्यूटन बल पुरते. तोच होल्डर बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर बसवला तर सुमारे ५१० न्यूटन बल लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास ही सर्व बले चौपट होतात.

बिजागरीच्या फटीत पाचर किंवा लाकडाचा तुकडा अडकवून दार उघडे ठेवण्याची सवय याच कारणाने हानिकारक ठरते. दार ढकलले गेले की ते तरफेसारखे काम करते, बिजागरीवर अनेक पटींनी ताण येतो आणि कालांतराने स्क्रू चौकटीतून उपसले जातात.

### घर्षण आणि पाचर

दार बंद होऊ लागले की त्याची खालची कड पाचरीच्या उतारावर चढू पाहते. त्यामुळे पाचर एकाच वेळी पुढे ढकलली जाते आणि जमिनीवर दाबलीही जाते. दाब वाढला की तळाचे घर्षणही वाढते. पाचरीचा उतार पुरेसा मंद असेल आणि तळाचे घर्षण वरच्या पृष्ठभागाच्या घर्षणापेक्षा पुरेसे अधिक असेल, तर दार जितके जोराने ढकलावे तितकी पाचर अधिक घट्ट बसते. म्हणून चांगल्या पाचरीचा तळ मऊ रबराचा व खाचांचा असतो. गुळगुळीत फरशीवर धूळ, पाणी किंवा मेण असेल तर तळाचे घर्षण घटते आणि तीच पाचर दारासोबत सरकत जाते.

### चुंबक

चुंबकीय होल्डरमध्ये भिंतीवर किंवा जमिनीवर चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी असते. दोघांमध्ये फट असेल तर आकर्षण झपाट्याने कमी होते; त्यामुळे रंगाचा जाड थर, गंज किंवा चिकटलेली धूळ यांमुळेही धारणशक्ती घटते. दार पूर्ण सरळ नसले तरी पट्टी चुंबकाला सपाट टेकावी म्हणून ती बहुधा थोडी फिरू शकेल अशी बसवलेली असते. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडल्यावरही लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पट्टी त्यामुळे चिकटून राहू नये म्हणून अनेक उपकरणांत लहान स्प्रिंग किंवा दट्ट्या दिलेला असतो.

## प्रकार

- वजन: दाराला टेकवलेली जड वस्तू. वाळूची पिशवी, ओतीव लोखंड, दगड किंवा काच यांचा वापर होतो. बसवणीची गरज नसते. पण वाटेत पाय अडखळण्याचा धोका राहतो.
- पाचर: लाकूड, रबर किंवा प्लास्टिकची असते. सर्वांत स्वस्त आणि कोणत्याही दाराला चालणारा प्रकार.
- आकडा आणि कडी: भिंतीवरील आकडा दारावरील कडीत अडकवला जातो. खिडक्यांच्या झडपा, गोदामांची दारे आणि फाटके यांसाठी हा प्रकार भारतात दीर्घकाळ वापरात आहे.
- पायाने पाडायचा टेकू: दाराच्या खालच्या भागावर बसवलेला, टोकाला रबर असलेला दांडा. पायाने खाली पाडला की तो जमिनीला तिरका टेकतो. वर उचलला की दार मोकळे होते.
- दाबायचा दट्ट्या: पायाने दाबल्यावर स्प्रिंगच्या विरोधात खाली जाऊन जमिनीवर टेकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर किंवा खटका सोडल्यावर वर येतो.
- स्प्रिंगचा फ्लोअर स्टॉपर: जमिनीवर स्क्रूने बसवलेला पितळी किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्यात स्प्रिंगवर दबणारी जीभ आणि धक्का शोषणारे रबर असते. दार जिभेवरून पुढे गेले की जीभ वर येते आणि दार मागे येऊ शकत नाही.
- स्थायी चुंबकाचा होल्डर: भारतीय शहरांतील घरांत अलीकडे हा प्रकार सर्रास दिसतो. दार चुंबकापर्यंत नेले की ते धरले जाते आणि हाताने थोडे ओढले की सुटते.
- वरचा होल्डर: दाराच्या वरच्या कडेला बसवलेला, पट्टीत सरकणारा दांडा. तो ठरावीक कोनावर अडकतो. जमिनीवर काहीच नसल्यामुळे रुग्णालये व शाळांत सोयीचा ठरतो.
- धारणसोय असलेला क्लोझर: डोअर क्लोझरच्या दांड्यात किंवा जमिनीत पुरलेल्या फ्लोअर स्प्रिंगमध्येच दार थांबवण्याची सोय असते. दुकाने व कार्यालयांतील काचेची दारे ९० अंशांपर्यंत उघडल्यावर तशीच थांबतात, ती या सोयीमुळे.
- विद्युतचुंबकीय होल्डर: बहुधा २४ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतो आणि प्रवाह खंडित होताच दार सोडतो.
- ध्वनीवर चालणारा होल्डर: दाराच्या तळाशी बसवलेले बॅटरीवरील उपकरण. त्याचा रबरी टेकू दार धरून ठेवतो आणि आगीच्या भोंग्याचा सलग आवाज ओळखताच वर खेचला जातो. ब्रिटनमधील जुन्या इमारतींत नव्याने तारा टाकणे टाळण्यासाठी हा प्रकार वापरला जातो.

## अग्निरोधक दारांवरील वापर

### समस्या

अग्निरोधक दार हे ठरावीक काळ, उदाहरणार्थ ३०, ६० किंवा १२० मिनिटे, आग पलीकडे जाऊ न देण्यासाठी तपासलेले असते. हा काळ दार बंद असतानाच लागू होतो. उघड्या दारातून धूर आणि उष्ण वायू काही क्षणांत मार्गिकेत पोहोचतात. जिन्याचे दार उघडे असेल तर जिना धुराड्यासारखे काम करतो: उष्ण वायू हलके असल्याने वर चढतात, खालून हवा ओढली जाते आणि आगीपासून दूर असलेल्या वरच्या मजल्यांवर धूर साचतो. इमारतींच्या आगींत बळी पडणाऱ्यांपैकी अनेकांचा मृत्यू भाजण्यापेक्षा धुरामुळे होतो.

बंद दाराचा परिणाम घरगुती आगींच्या चाचण्यांतही दिसून आला आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजच्या अग्निसुरक्षा संशोधन संस्थेने झोपण्यापूर्वी खोलीचे दार बंद करण्याविषयी जी जनजागृती मोहीम चालवली, तीत दार बंद असलेल्या खोलीतील तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस, तर दार उघडे असलेल्या खोलीतील तापमान ५०० अंशांहून अधिक, असा फरक मांडला होता.

असे असूनही अग्निरोधक दारांना पाचर लावलेली आढळणे ही जगभरातील अग्निसुरक्षा तपासण्यांतील नेहमीची बाब आहे. त्यामागची कारणे बहुधा व्यावहारिक असतात. ही दारे जड असतात आणि त्यांवर क्लोझर असतो. रुग्णालयात खाट किंवा जेवणाची गाडी ढकलणारा कर्मचारी, वृद्धाश्रमातील चालणीचा आधार घेणारी व्यक्ती, शाळेत तास संपल्यावर निघालेले विद्यार्थी यांना ते प्रत्येक वेळी उघडणे त्रासाचे होते. केवळ सूचनाफलक लावून ही सवय मोडत नाही. म्हणूनच बहुतेक नियमावल्यांनी पाचरीला मनाई करतानाच आपोआप सोडणाऱ्या होल्डरला मान्यता दिली आहे.

### सोडण्याच्या पद्धती

अग्निरोधक दारांचे दोन वर्ग केले जातात. स्वयंबंद दार प्रत्येक वापरानंतर क्लोझरने बंद होते. स्वयंचलित बंद होणारे दार एरवी उघडे धरलेले असते आणि आगीची सूचना मिळाल्यावर बंद होते. दुसऱ्या वर्गातील दारावरही क्लोझर लागतोच. होल्डर फक्त त्याला रोखून धरतो.

वितळणारा दुवा हा सोडण्याचा सर्वांत साधा मार्ग आहे. बिस्मथ, शिसे, कथिल व कॅडमियम यांचा वुड्स मेटल नावाचा मिश्रधातू सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळतो. बाजारातील प्रचलित दुवे सुमारे ७४ अंशांना तुटतात. त्याला विजेची गरज नसते, ही त्याची जमेची बाजू. मात्र धुमसणाऱ्या आगीचा धूर तुलनेने थंड असू शकतो आणि दुवा तुटण्याइतकी उष्णता दारापाशी पोहोचेपर्यंत तो पलीकडे पसरलेला असतो. त्यामुळे माणसांच्या वावराच्या मार्गांवर केवळ दुव्यावर विसंबणे पुरेसे मानले जात नाही. गोदामांची सरकती व गुंडाळती दारे हे त्याचे मुख्य क्षेत्र राहिले आहे.

विद्युतचुंबकीय होल्डर धूरशोधकांशी किंवा इमारतीच्या अग्निसूचना यंत्रणेशी जोडलेला असतो. सूचना मिळताच प्रवाह तोडला जातो आणि क्लोझर दार बंद करतो. वीज गेली, तार तुटली किंवा यंत्रणा बिघडली तरी प्रवाह थांबतो आणि दार बंदच होते. बिघाड झाल्यास सुरक्षित स्थितीकडे जाण्याच्या या गुणामुळेच येथे चुंबकाला दार "धरण्यासाठी" वीज लागते, "सोडण्यासाठी" नव्हे. उलट स्थायी चुंबक, स्प्रिंगचा स्टॉपर, पायाने पाडायचा टेकू आणि क्लोझरमधील यांत्रिक धारणसोय ही साधने कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत दार धरून ठेवतात. म्हणून ती अग्निरोधक दारांसाठी अयोग्य ठरतात.

होल्डरजवळ हाताने दार सोडवण्याची सोय असणेही अपेक्षित असते, जेणेकरून धूर प्रथम पाहणारी व्यक्ती यंत्रणेची वाट न पाहता दार बंद करू शकेल.

### उघड्या दारांशी संबंधित दुर्घटना

९ जानेवारी २०२२ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट या १९ मजली इमारतीत खोली तापवण्याच्या विजेच्या उपकरणामुळे आग लागली. आग मुख्यतः एका सदनिकेपुरती राहिली. परंतु रहिवासी बाहेर पडल्यानंतर त्या सदनिकेचे दार बंद झाले नाही. वरच्या एका मजल्यावरील जिन्याचे दारही उघडे राहिले. जिन्यातून वर पसरलेल्या धुरामुळे ८ मुलांसह १७ जणांचा मृत्यू झाला.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडले. आग पसरण्याचे मुख्य कारण इमारतीचे बाह्य आवरण हे होते. मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालात अनेक सदनिकांच्या दारांवर आपोआप बंद होण्याची चालू स्थितीतील सोय नसल्याचे आणि उघड्या राहिलेल्या दारांतून धूर मार्गिकांत पसरल्याचेही नमूद करण्यात आले.

दोन्ही घटनांत मुद्दा होल्डरचा नव्हता, तर आपोआप बंद न होणाऱ्या दारांचा होता. तथापि पाचर लावलेले दार आणि बंद न होणारे दार यांचा आगीतील परिणाम एकच असल्याने होल्डरविषयीच्या चर्चेत या घटनांचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

## मानके आणि नियम

भारत: भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८२३ हे मानक फ्लोअर डोअर स्टॉपरसाठी, आयएस २०७ हे फाटके व झडपांच्या आकड्यांसाठी, आयएस ३५६४ हे द्रवचालित डोअर क्लोझरसाठी, तर आयएस ३६१४ हे अग्निरोधक दारांसाठी आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात अग्नी व जीवसुरक्षेच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्रात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार इमारतीतील आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असून, त्याविषयी परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते.

युरोप आणि ब्रिटन: फिरत्या दारांवरील विद्युत होल्डरसाठी ईएन ११५५ आणि क्लोझरसाठी ईएन ११५४ ही मानके आहेत. दारे सोडण्याच्या यंत्रणा अग्निसूचनेशी कशा जोडाव्यात याविषयी ब्रिटनमध्ये बीएस ७२७३ च्या चौथ्या भागात मार्गदर्शन आहे. इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ११ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या सामाईक भागांतील अग्निरोधक दारे दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. तेथे स्वयंबंद दारावर "बंद ठेवा" आणि आपोआप सुटणाऱ्या दारावर "मार्ग मोकळा ठेवा" अशा अर्थाचे वेगवेगळे फलक लावतात.

अमेरिका: राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचे एनएफपीए ८० हे मानक अग्निरोधक दारांच्या बसवणीसाठी आणि देखभालीसाठी वापरले जाते. त्यानुसार या दारांची किमान वर्षातून एकदा तपासणी करावी लागते.

## बसवणी आणि देखभाल

जमिनीवरील किंवा भिंतीवरील होल्डर शक्यतो कुलपाच्या बाजूला, दाराच्या मोकळ्या कडेजवळ बसवतात. तो फार उंचावर किंवा फक्त एका कोपऱ्यात असेल तर दार जोराने उघडल्यावर फळी पिळवटते. पोकळ फळीच्या दारावर पट्टी बसवताना आत भरीव लाकूड असलेली जागा निवडावी लागते. भिंतीत किंवा फरशीत स्क्रूसाठी प्लग बसवतात; गिलाव्यात बसवलेला प्लग धक्क्यांनी सैल होतो, म्हणून तो विटेच्या किंवा काँक्रीटच्या भागापर्यंत जाणे आवश्यक असते.

कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि त्याची फिरण्याची रेषा किंचित बदलते. त्यामुळे उन्हाळ्यात नीट जुळणारा चुंबक किंवा स्टॉपर पावसाळ्यात दारापासून बाजूला पडू शकतो. समुद्रालगत साध्या लोखंडी साधनाला लवकर गंज चढतो. तेथे पितळ किंवा स्टेनलेस स्टील अधिक टिकते.

विद्युतचुंबकीय होल्डरच्या तपासणीत केवळ चुंबक सुटतो की नाही हे पाहणे पुरेसे नसते. दार सुटल्यावर क्लोझर ते चौकटीपर्यंत पूर्ण नेतो का, खिट्टी अडकते का आणि दाराच्या वाटेत खुर्ची, खोके किंवा गालिचा आडवा येत नाही ना, हेही पाहावे लागते. दिवसेंदिवस उघडेच राहणाऱ्या दाराचा क्लोझर बिघडला तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अशी दारे रोज रात्री बंद करून ठेवण्याची पद्धत काही संस्थांत पाळली जाते.

## सुलभता

चाकाची खुर्ची, कुबड्या किंवा पांढरी काठी वापरणाऱ्या व्यक्तींसाठी उघडे धरलेले दार मोठी सोय असते, तर जमिनीतून वर आलेला स्टॉपर अडथळा ठरतो. त्यामुळे जमिनीवरील स्टॉपर चालण्याच्या वाटेबाहेर, भिंतीलगत असणे इष्ट असते. अमेरिकेच्या २०१० च्या सुलभता मानकांनुसार फिरत्या दाराच्या ढकलण्याच्या बाजूचा खालचा १० इंचांचा (सुमारे २५ सेंटिमीटर) भाग सपाट असावा लागतो, कारण चाकाच्या खुर्चीच्या पायपट्टीने दार ढकलताना ती अडकू नये. दाराच्या त्या भागावर बसवलेला पायाने पाडायचा टेकू या अपेक्षेत बसत नाही. सुलभता आणि अग्निसुरक्षा या दोन्ही गरजा एकत्र येतात तेथे भिंतीवरचा विद्युतचुंबकीय होल्डर हा दोन्ही बाजूंनी समाधानकारक पर्याय मानला जातो.

## इतर क्षेत्रांतील वापर

मोटारगाडीच्या दारात चौकटीला जोडलेली एक पट्टी असते आणि तिच्यावर खाचा असतात. दार उघडताना स्प्रिंगने दाबलेले लहान रूळ या खाचांत बसतात. त्यामुळे दार अर्धे किंवा पूर्ण अशा ठरावीक टप्प्यांवर थांबते आणि उतारावरही अचानक बंद होत नाही. फर्निचरच्या वर उघडणाऱ्या झडपांत आणि मोटारींच्या मागच्या दारांत दाबाखालील वायू भरलेल्या नळ्या झडपेचे वजन पेलून ती वर धरून ठेवतात. मालवाहू कंटेनर व ट्रक यांची दारे पूर्ण मागे फिरवून बाजूच्या भिंतीला आकड्याने किंवा साखळीने अडकवतात, जेणेकरून माल चढवताना ती माणसांवर आदळू नयेत.

## हे ही पहा

- डोअर क्लोझर
- बिजागरी
- कडी-कोयंडा
- अग्निरोधक दार
- विद्युतचुंबक
- घर्षण